पाच अंशांखाली

मे महिन्यात साखर पेठेत बर्फ यायचा,
लाकडाच्या भुशात पुरलेला, हातगाडीवर.
आम्ही पोरं मागून पळायचो, गळणारं पाणी झेलत.
नायना ओरडायचे, चाटू नका, तो रंगाचा आहे.

सुताच्या लडी आधी पिवळट पाण्यातून काढायच्या,
पिळायच्या,
मग दुसऱ्या हौदात, जिथे बर्फ तरंगतोय.
आणि तिथे, पापणी लवायच्या आत,
सुताला लाल कळायचं.
बर्फ कमी पडला तर तपकिरी.
मग चादरीवरची फुलं आठवडाभर आजारी.

नायनांकडे थर्मामीटर नव्हता. डावी करंगळी होती.
"हाड ठणकलं पाहिजे," म्हणायचे, "तेव्हा पाच."

डब्यावर परदेशी अक्षरं, कोपऱ्यात एक नाव.
त्यांना वाचता यायचं नाही.
ते त्याला जर्मन गारू म्हणायचे
आणि खंडेनवमीला मागाबरोबर, हौदाबरोबर
त्या डब्यालाही झेंडू वाहायचे.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी, ग्रंथालयात,
एका जाड पुस्तकाच्या तळटीपेत गारू मला भेटला.
ओडेनबाख. पाद्र्याचा मुलगा.
सत्तावीस वर्षं एकाच लालामागे.
चार ओळी, त्यातली शेवटची मृत्यूची.
बाकीचं मी रचलंय:

एक नदी, जिला कारखान्यात आज जो रंग तोच रंग.
एक भुवई जळालेली, पुन्हा न उगवलेली.
कपाशीचं बोंड त्यानं कधी हातात घेतलं नसावं.
त्याच्या खिडकीबाहेर बर्फ फुकट पडायचा
म्हणून कृती लिहिताना त्याच्या मनातही आलं नसेल
की कुठेतरी त्रेचाळीस अंशांत
कुणीतरी तो विकत घेईल,
पंधरा लडींमागे अर्धी लादी, उधारीवर.

षट्कोनाला षट्कोन जोडत बसायचा तो रात्री,
मधोमध नत्राची जोडी,
दोन्ही हातांनी एकमेकांना धरलेली.
त्या पकडीमुळेच रंग दिसतो.
मी नायनांना वहीत काढून दाखवलं.
त्यांनी चष्मा वर केला.
"फुगडी आहे की ही."

पंचाण्णव साली टॉवेलांचे गठ्ठे परत आले,
हांबुर्गहून, न उघडता, सोबत कागद.
ती पकड सुटते म्हणे, अंगात गेल्यावर,
आणि सुटल्यावर जे उरतं ते विष.
शेठनं कागद आपटला. माझ्याकडून वाचून घेतला, पुन्हा आपटला.
नायना हौदाच्या काठावर बसलेले.
"त्यांचाच गारू, त्यांचाच कागद," म्हणाले,
"आपण नुसता बर्फ आणला."

दोन वर्षांनी त्यांच्या लघवीत लाल उतरलं.
आईला सांगितलं, बीट खाल्लंय.
आमच्या घरात बीट कुणी आणतच नाही.

सिव्हिलमधल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, काम काय करता?
त्यांनी तळहात पुढे केले.
त्यानं ते वाचले नाहीत, नाडी पाहिली.

आता मी प्रॅक्टिकलला हेच शिकवते. शून्य ते पाच.
फ्रीज आहे, हातमोजे आहेत,
बाटल्या यादी तपासून मागवलेल्या.
तरी परीक्षानळीत तो उमटला की
एखादी मुलगी "अय्यो" म्हणतेच,
आणि ओडेनबाखवर चिडायचं ठरवून आलेली मी
तिच्या खांद्यावरून वाकून बघत राहते.

मुलं गेली की मोजा काढते.
करंगळी बुडवते. हाड ठणकेपर्यंत.

त्या चार ओळींत तो कशानं गेला ते नव्हतं.
पुन्हा बघायला गेले मागच्या महिन्यात.
पुस्तक बांधणीला दिलंय, ग्रंथपाल म्हणाले,
कधी येईल सांगता येत नाही.